सायीवर डल्ला

आमच्या फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्याला, स्टीलची एक पातेली असते. गेल्या पंचवीस वर्षांत दोन फ्रिज बदलले, तीनदा घराला रंग लागला, मी अंबडच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरचा सिनिअर इन्स्पेक्टर झालो; पातेली जागची हललेली नाही. तिच्यात साय असते. रोज सकाळी आई तापवून गार झालेल्या दुधाच्या कडेनं सुरी फिरवते, भाकरीएवढी साय दोन बोटांनी अलगद उचलते आणि कालच्या सायीवर घडी घालून ठेवते. चेहरा बँकेत भरणा करणाऱ्या माणसाचा. आठवड्यानं विरजण, मग घुसळण, लोणी, आणि शेवटी तूप. सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या कर्जाचे हप्ते माझ्याकडून दोन-चारदा थकले, पण या खात्यात खाडा नाही. मुदतीआधी रक्कम काढायची सोयही नाही. लहानपणी मी एकदा पोळीवर साय-साखर मागितली, तेव्हा आई म्हणाली होती, "परवा तूप खाल्लंस ना? तीच ती."

त्या पातेलीवर मी एका रविवारी डल्ला मारला. बटर चिकनसाठी.

सुरुवात मुलीनं केली. ती पुण्याला शिकते, तिथं मैत्रिणींबरोबर महिन्यातून दोनदा बटर चिकन खाते आणि बिल मला पाठवते. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, घरी करू या ना. साडेअकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे." साडेअकरा मिनिटांत आमच्या घरी कोंबडी धुऊनही होत नाही. पण क्वालिटीतल्या माणसाला लिहिलेली कृती दिसली की अंगात येतं. आईच्या स्वयंपाकात सगळं अंदाजे. मीठ अंदाजे, तिखट अंदाजे, पाणी 'लागेल तसं'. इथं प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये होती. मी हो म्हणालो.

आता नाशिकच्या माणसानं हे करणं म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे कोंबडी म्हणजे रस्सा. कांदा सालासकट जाळावर काळा होईस्तोवर भाजायचा, सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून पेटू द्यायची, दगडफूल-लवंग-मिरी तेलावर घ्यायची आणि ते काळं वाटण असं परतायचं की शेजारच्या दोन घरांत ठसका जावा. मग आळणीचं पाणी. रस्सा पळीतून पाण्यासारखा पडला पाहिजे, वर तेलाचा तवंग पाहिजे, आणि भाकरी कुस्करली की ताटात तळं झालं पाहिजे. आईचं माहेर निफाडकडचं. तिकडे घट्ट रस्सा म्हणजे पाहुणे मोजून स्वयंपाक केल्याचा पुरावा समजतात. रश्शात वाढीव माणूस मावतो, दोन वाट्या पाणी घातलं की झालं. बटर चिकनमध्ये पाव माणूससुद्धा वाढवता येत नाही. तिथं रस्सा तुकड्याला चिकटून बसलेला लागतो.

एवढं असूनही या घट्ट प्रकारांनी नाशिकला वेढा घातलेला आहेच. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कुठल्याही हॉटेलात मेनूकार्ड उघडा: चिकन मलाई, चिकन मेथी मलाई, चिकन पतियाळा, चिकन अंगारा, चिकन हंडी, चिकन कढाई, चिकन लाहोरी, असे तीस-चाळीस प्रकार. आत भटारखान्यात मात्र पातेली तीनच. लाल ग्रेव्ही टोमॅटोची, पिवळी कांद्याची, पांढरी काजू आणि मगजबीची. बाकी सगळं त्या तिघींचं गोत्र. लाल-पांढरी एकत्र केली की एक नाव, वर मेथी चुरली की दुसरं, शेजारी कोळसा पेटवून आणला की अंगारा. वर क्रीमची जिलबी काढली की शंभर रुपये जास्त. हे मला एका ओळखीच्या आचाऱ्यानं सांगितलं तेव्हापासून मी मेनूकार्ड वाचत नाही, नुसता रंग सांगतो.

घरी करायचं तर पहिला प्रश्न वाराचा. सोमवार त्र्यंबकराजाचा, मंगळवार सप्तशृंगीचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी मला सेकंड शिफ्ट. शुक्रवारी बायको म्हणते, अहो, आज नको, उद्या शनिवार आहे, भांड्यांना वास राहतो. उरला रविवार, तोही एकादशी किंवा चतुर्थी नसलेला. असा रविवार कालनिर्णयवर हुडकून मी त्याला पेनानं गोल केला.

सकाळी पवननगरला रांगेत उभा राहिलो. पुढच्या सगळ्यांनी रस्सा पीस घेतले. माझा नंबर आल्यावर म्हणालो, "अर्धा किलो बोनलेस."

सुरी थांबली. "बाहेरगावचे पाहुणे काय, साहेब?"

घरी आल्यावर आईनं पिशवीत डोकावून पाहिलं. "हाडं कुठंय?"

"त्याच्याकडेच राहतात. बोनलेसमध्ये हाडं नसतात."

"म्हणजे पैसे जास्त देऊन हाडं त्याला ठेवून आलास?" मग स्वतःशीच, "आणि आळणी कशाची काढायची, मीठ-पाण्याची?"

पुढचा वाद भांड्याचा. आमच्याकडे मटणाचं पातेलं वेगळं आहे. जर्मनचं, बुडाला काळं, एका बाजूला पोचा. ते ओट्याखाली, बाकीच्या भांड्यांपासून हातभर अंतर राखून असतं. मला हवी होती नॉनस्टिक कढई, पण तिच्यात उपासाची भगर होते, म्हणून नाही मिळाली. मिक्सर मात्र मिळाला, आणि त्यामागचा युक्तिवाद मी आयुष्यभर विसरणार नाही. आई म्हणाली, "टोमॅटो वाटून घे की. टोमॅटो कोंबडीला भेटेस्तोवर शाकाहारीच आहे." एवढी आज्ञा देऊन ती देवळात गेली. बायको हॉलमध्ये पेपर घेऊन बसली आणि तिनं जाहीर केलं की ती काहीही बघत नाहीये.

टोमॅटोची आम्हाला ददात नाही. गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतचे बाजार जवळ. भाव पडले की तोच टोमॅटो शेतकरी वैतागून रस्त्यावर ओततो आणि दोन महिन्यांनी तोच आपण सोन्यासारखा मोजून घेतो. त्या रविवारी स्वस्त होता. किलोभर टोमॅटो, मूठभर काजू, एक कांदा, खडा मसाला असं शिजवून मी मिक्सरमधून काढलं. व्हिडिओत म्हटलं होतं, 'गाळून घ्या, मखमली पोत येईल.' घरात पिठाची चाळणी आहे आणि चहाची गाळणी आहे. पिठाची चाळणी ओली केली तर काय होईल हे मला ठाऊक होतं, म्हणून चहाची घेतली. सव्वा लिटर टोमॅटो चहाच्या गाळणीतून चमच्यानं घासत गाळायला पस्तीस मिनिटं लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलं आहे. व्हिडिओत तो भाग कापला होता.

दुसऱ्या शेगडीवर मुलगी दही-आलं-लसूण लावलेले तुकडे तव्यावर भाजत होती. काश्मिरी मिरचीनं त्यांना देखणा रंग आला होता. (या मिरचीबद्दल आईचं मत आदल्या रात्रीच कळलं होतं: रंग आहे आणि तिखट नाही, तर तिला मिरची कशाला म्हणायचं, कुंकू म्हणा.) मी व्हिडिओ पुढं सरकवला. 'आता यात फ्रेश क्रीम घाला.'

क्रीम आणायचं राहिलं होतं.

खरं तर कोपऱ्यावरच्या किराण्यात पाव लिटरचा खोका मिळतो. खाली उतरून पाच मिनिटं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी हिशेब चालू झाला. खोक्यावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. फुल क्रीम दुधात ६ टक्के. म्हणजे दुधातला वरचा भाग वेगळा काढून खोक्यात भरला आहे. आणि दुधातला वरचा भाग वेगळा काढून आमच्याच फ्रिजमध्ये आठ दिवसांचा पडला आहे, तोही म्हशीचा. घरचं असताना विकत आणणं ही उधळपट्टी नाही का? मी पातेली काढली. बायकोनं पेपरचं पान जरा जोरात उलटलं.

साय म्हणजे क्रीम नव्हे, हे मला आता शपथेवर सांगता येईल. क्रीम यंत्रात गरागरा फिरवून दुधापासून वेगळं काढतात, ते ओतता येतं. साय दूध तापल्यावर वर धरते. तिच्यात प्रथिनांचा पापुद्रा असतो आणि त्यात लोणी अडकलेलं. ती ओतता येत नाही, उचलावी लागते. गुठळ्या मोडाव्यात म्हणून मी ती मिक्सरच्या भांड्यात टाकली. दहा सेकंदांत छान एकजीव झाली. इथं थांबायला हवं होतं. पण मखमली पोत! मी बटण दाबून धरलं. आवाज आधी जड झाला, मग हलका, मग आत काहीतरी थपथप आपटू लागलं. झाकण काढलं तर मध्ये पिवळसर गोळा आणि भोवती पांढरं पाणी. स्निग्ध कणांभोवतीचं पातळ वेष्टण फाटलं की ते एकमेकांना बिलगतात आणि त्यालाच लोणी म्हणतात, हे शास्त्र मला नंतर आठवलं. आईला जे करायला रवी आणि अर्धा तास लागतो ते मी दीड मिनिटात करून बसलो होतो. फक्त मला ते करायचं नव्हतं.

"बटर तर झालं, पप्पा," मुलगी म्हणाली. "नावाप्रमाणे."

अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. मी भांडं तसंच्या तसं, लोण्याताकासकट, रटरटणाऱ्या टोमॅटोत उपडं केलं. लोणी वितळलं, वर सुंदर तवंग आला. आणि मग तवंगाखालून बारीक बारीक पांढरे कण वर येऊ लागले. दुधातलं केसीन एका बाजूनं आंबट आणि दुसऱ्या बाजूनं उकळतं अशा कोंडीत सापडलं की गोळा होऊन बसतं. टोमॅटो आंबट होताच, गॅसही मोठा होता. लाल रश्शात साबुदाण्याएवढे दाणे तरंगत होते.

"हे चिकन पनीर आहे का?"

तेवढ्यात फाटक वाजलं. आई आत आली, तिनं देवळातल्या नारळाची भकलं ओट्यावर ठेवली, कोथिंबीर ठेवायला फ्रिज उघडला आणि दुसऱ्या कप्प्यासमोर तशीच उभी राहिली. फ्रिजचं दार फार वेळ उघडं राहिलं की तो टुंग टुंग वाजतो. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"काय करून ऱ्हायला रे तू?"

मी बावन्न वर्षांचा आहे. माझ्या सहीशिवाय कंपनीतून एक बुशसुद्धा बाहेर पडत नाही. मी म्हणालो, "तिनं सांगितलं."

मुलीनं लगेच आजीचा ताबा घेतला. हिचं एक बरं आहे, संकटात ती माहिती देते. तिनं आजीला दिल्लीची गोष्ट सांगितली. फाळणीत पेशावरकडून आलेल्या मंडळींनी १९४७ साली दिल्लीत दर्यागंजला मोती महल नावाचं हॉटेल काढलं. कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी, दोघेही कुंदनलाल. तंदुरी कोंबड्या उरल्या की वाळून जायच्या. त्या फुकट जाऊ नयेत म्हणून टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्शात सोडल्या, त्याचं हे बटर चिकन झालं. आणि आता दोघांच्या घरच्यांत भांडण लागलंय की ते आधी केलं कुणी. जानेवारी २०२४ मध्ये प्रकरण दिल्लीच्या हायकोर्टात उभं राहिलं, दावा २,७५२ पानांचा.

आईचा चेहरा बदलत गेला. कोर्ट-कज्ज्याचं तिला काही नव्हतं, निफाडला बांधावरून तीन पिढ्या चालतात. तिला दुसरंच काही भिडलं होतं.

"म्हणजे उरलेली कोंबडी?"

"हो, आजी."

"वाळलेली?"

"हो."

"अगं, मग ही फोडणीची पोळीच की!"

खरं सांगतो, या पदार्थाची इतकी नेमकी ओळख मी कुठं वाचलेली नाही. ज्याच्यासाठी लोक चारशे रुपये मोजतात, तो दिल्लीच्या माणसानं उरलंसुरलं खपवण्यासाठी काढलेला मार्ग होता. शिळी पोळी कुस्करून तिला तेल-मोहरी दाखवणाऱ्या तमाम आयांना हे सांगायला हवं. मुलीनं भरीला विलायतेचीही एक कथा जोडली. तिकडे कुणा गिऱ्हाइकानं कोंबडी कोरडी आहे म्हणून परत पाठवली आणि ग्लासगोच्या आचाऱ्यानं तिच्यावर डब्यातलं टोमॅटो सूप ओतलं, म्हणे त्याचं चिकन टिक्का मसाला झालं. २००१ साली त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यानं, रॉबिन कुक यांनी, भाषणात त्याला ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. "म्हणजे तिकडेही कोरडंच झालं होतं," आई म्हणाली. "हाडं काढून शिजवल्यावर दुसरं काय होणार?"

सायीचा विषय बुडाला असं नाही. त्याची नोंद झाली. पण फुकट जाणारी वस्तू वाचवायची म्हटल्यावर आईनं पदर खोचला. आधी गॅस बंद केला. मग विचारलं, "कोंबडी पडली का यात?"

"नाही अजून."

"मग शाकाहारीच आहे. आण मिक्सर."

फुटलेला रस्सा तिनं निवू दिला, भिजवलेले मूठभर काजू घालून पुन्हा फिरवला. दाणे बऱ्यापैकी मोडले. मग तिनं चमचाभर बेसन पाण्यात कालवलं आणि मंद आचेवर, एकाच दिशेनं पळी फिरवत, रश्शात सोडलं. मी म्हणालो, "आई, कृतीत बेसन नाही." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "कढी कशी करतो आपण? ताकाला बेसन लावल्याशिवाय चुलीवर ठेवतो का? उकळी फुटू देतो का? आंबट तापवायचं ते हात धरून तापवायचं."

क्रीमच्या खोक्यावर ज्याचे पैसे घेतात ते सगळं या बाईला कढीवरून ठाऊक होतं. माझ्या व्हिडिओवाल्याला तऱ्हेतऱ्हेच्या कढया माहीत होत्या, कढी माहीत नव्हती.

मुलीला पळत किराण्यात पाठवून खोकाही आणवलाच. तो ओतायच्या आधी आईनं वाटीत दोन पळ्या गरम रस्सा काढून क्रीममध्ये मिसळला, त्याला 'ओळख करून देणं' म्हणाली, आणि मग सगळं आत. मग कोंबडी. मग कसुरी मेथी, जिच्यावरून आणखी पाच मिनिटं गेली. हे कसूर आता पाकिस्तानात आहे, तिथल्या मेथीचं नाव आहे, असं मी सांगितलं. आईनं डबीवरची किंमत वाचली. "आपल्याकडे वाळली की गाईपुढं टाकतो," ती म्हणाली, "यांनी डबीत भरली."

व्हिडिओत शेवटी एक चमचा साखर होती. ती मी जाहीरपणे घालायला गेलो ही चूक.

"कोंबडीत साखर?"

"चवीपुरती. आंबटपणा मारायला."

"मग श्रीखंडातच टाक ना एक तंगडी." साखरेचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला. मी कोथिंबीर चिरायला वळलो आणि त्या तेवढ्या वेळात पातेल्याचा रंग बदलला. केशरी होता, तो विटकरी झाला. ओट्यावर काळ्या मसाल्याच्या डब्याचं झाकण अर्धवट लागलेलं होतं. कुणीच काही बोललं नाही. क्वालिटीत अशा वेळी 'डेव्हिएशन अप्रूव्ह्ड' असा शिक्का मारतात.

जेवायला अडीच वाजले. मुलीनं नानसदृश काहीतरी केलं होतं, आईनं बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या. गाळणीतल्या चोथ्याची तिनं लसूण घालून चटणी केली होती, ती आधी संपली. बटर चिकनबद्दल आईचा अभिप्राय एका वाक्याचा होता: "गुळगुळीत आहे." बायकोनं एक घास घेऊन विचारलं, "अहो, हे संपवायचंय ना आजच? उद्या सोमवार." आमच्याकडे रविवारचं रविवारी संपतं. सोमवारी फ्रिजमध्ये कोंबडी सापडली तर त्र्यंबकराजाला काय तोंड दाखवायचं. पण अर्धा किलो बोनलेस, त्यावर काजू, लोणी, आठ दिवसांची साय आणि खोकाभर क्रीम. चौघांत दुपारी अर्धंही सरलं नाही. रात्री मुलगी पुण्याच्या बसला गेली. मी आणि बायकोनं आणखी थोडं खाल्लं. तरी तळाला दोन वाट्या राहिलंच. बायको म्हणाली, सकाळी कुत्र्याला. मी मान हलवली आणि झोपलो.

लोण्यानं तहान लागते. रात्री उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. लसणाच्या फोडणीचा वास येत होता. आई खाली पाट घेऊन बसली होती, समोर ते पोचा आलेलं जर्मनचं पातेलं, ताटात कुस्करलेली भाकरी. उरलेल्या बटर चिकनला तिनं तेल-लसूण-काळ्या मसाल्याची फोडणी दिली होती आणि दोन वाट्या पाणी घालून चांगला पातळ रस्सा केला होता. वर तवंग. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

"आई," मी म्हणालो, "सोमवार लागला."

"कोण म्हणतं?" तिनं घास उचलला. "इंग्रजांचा लागला असेल. आपला वार सूर्य उगवल्यावर लागतो. पंचांगात बघ."

मी पाणी प्यायलो आणि फ्रिज लावायला गेलो. दुसऱ्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्याला, पातेली घासूनपुसून पुन्हा ठेवलेली होती. आत संध्याकाळच्या दुधाची एक पातळ साय, घडी घातलेली.

"आणि हे बघ," मागून आवाज आला, "तूप सरलं की विकतचं आणायचं तुझ्या पगारातून. वाढू का तुला थोडं?"

मी पाट ओढला.